समुद्राचा सातबारा : वेसाव्याचे डोलकर आणि जवळा

'डोलकर' हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत नेला तो शांता शेळके यांनी लिहिलेल्या एका कोळीगीताने. गाणे ऐकताना बहुतेकांची समजूत अशी होते की, लाटांवर डोलतो तो डोलकर. वास्तविक 'डोल' हे एका जाळ्याचे नाव आहे आणि ते जाळे लावणारा तो डोलकर. हा धागा त्या जाळ्याचा, ते ज्या खुंटांना बांधले जाई त्या खुंटांचा, आणि त्यात सापडणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या एका जिवाचा आहे.

स्थळ आहे अंधेरीच्या पश्चिमेचे वेसावे. इंग्रजी कागदपत्रांनी त्याचे 'वर्सोवा' केले आणि पुढे बसच्या व मेट्रोच्या पाट्यांवरही तेच राहिले. कोळीवाड्यात मात्र आजही वेसावेच म्हणतात, आणि तिथला माणूस 'वेसावकर'. मालाडची खाडी जिथे समुद्राला मिळते त्या मुखाच्या दक्षिण काठावर हे गाव आहे. समोर उत्तरेला मढ, आणि मढच्या टोकावर पोर्तुगिजांनी बांधलेला किल्ला.

साष्टी बेटाची राजकीय कथा थोडक्यात अशी. १५३४ च्या वसईच्या तहाने हा प्रदेश गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे गेला. १७३७-३९ च्या चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे जिंकून साष्टी ताब्यात घेतली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. किल्ल्यावरची निशाणे बदलत गेली. खाडीच्या काठावर मात्र कामाचे वेळापत्रक चंद्र ठरवीत होता, आणि आजही ते बरेचसे तोच ठरवतो.

कारण डोल हे ओढायचे किंवा फेकायचे जाळे नव्हे. ते एक प्रचंड नरसाळे आहे. तोंड रुंद, पुढे निमुळते होत जाणारे, आणि शेवटी बारीक विणीची पिशवी, जिला 'खोला' म्हणतात. तोंडाजवळचे आस मोठे. खोल्याच्या आसांतून जवळाही निसटत नाही. हे नरसाळे प्रवाहाकडे तोंड करून एका जागी बांधायचे. भरतीचे किंवा ओहोटीचे पाणी त्यातून वाहत जाते आणि पाण्याबरोबर येणारे सारे खोल्यात साठते. प्रवाह मंदावू लागला की जाळे वर घ्यायचे. उशीर झाला तर पाणी उलटे फिरते आणि पकडलेले सारे बाहेर पडते.

म्हणजे मासळीमागे धावण्याचे कष्ट समुद्रच करतो. पण त्यासाठी समुद्राला तेवढा जोर हवा. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी साडेचार मीटरच्या वर चढते आणि काही तासांत पार उतरते; केरळच्या किनाऱ्यावर हाच फरक जेमतेम मीटरभर. म्हणूनच डोल हे मुंबई, पालघर आणि त्यापुढे सौराष्ट्राच्या किनाऱ्याचे वैशिष्ट्य ठरले. दक्षिणेकडे रापण आहे, पाग आहे, नाना प्रकारची जाळी आहेत, पण डोलीला तिथले पाणी पुरत नाही. एखाद्या समाजाचे तंत्र कुठून येते याचे उत्तर पुष्कळदा दंतकथांपेक्षा भरती-ओहोटीच्या कोष्टकात चटकन सापडते.

आता प्रश्न असा, की एवढे जाळे उघड्या समुद्रात बांधायचे कशाला?

त्याचे उत्तर म्हणजे खुंट. झाडांचे सरळ सोट एकमेकांना जोडून लांबच लांब खांब तयार करायचा आणि तो समुद्राच्या तळाशी चिखलात रोवायचा. यंत्राशिवाय हे कसे करीत असतील? एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई परिसराच्या वर्णनांत त्याची कृती सापडते. भरती पूर्ण भरली की खुंटाच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी एकेक होडी घट्ट बांधायची. ओहोटी लागली की पाणी खाली जाते, पाण्याबरोबर होड्याही खाली जाऊ पाहतात आणि त्यांचे सारे वजन खुंटावर येते. त्या भाराने खुंट सात-आठ फूट चिखलात उतरतो. घणाचा एकही घाव न घालता, ओहोटीकडून करून घेतलेले हे काम आहे. शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात उत्प्लावनाचे उदाहरण म्हणून ते यायला हरकत नव्हती.

खुंट एकदा रोवला की ती जागा वर्षानुवर्षांची झाली. इथे या कथेचा गाभा लागतो. जमिनीवर शेताला बांध असतो, सातबाऱ्यावर नाव असते. समुद्रात यातले काहीच नाही. तरीही कोळीवाड्यांत कोणती जागा कोणत्या घराची, कोणत्या गावाचे खुंट कुठपर्यंत, हे ठरलेले असे. जागा बापाकडून मुलाकडे जात. भांडण झाले तर गावचा पाटील आणि पंच बसून निवाडा करीत. जागा ओळखायची ती किनाऱ्यावरच्या खुणांवरून: अमुक टेकडी तमुक देवळाच्या किंवा माडाच्या रेषेत आली की आपले पाणी आले. कागद नव्हता, पण मालकी होती. मोजणीदार नव्हता, पण हद्द होती.

इंग्रजांच्या सागरी नकाशांत मुंबईजवळच्या पाण्यात मासेमारीचे खुंट दाखवलेले असत. पण ते जहाजांना धोका म्हणून, खडकांच्या आणि बुडालेल्या जहाजांच्या पंक्तीत. ज्याला कोळी शेत समजत होता, ते आरमारी नकाशाच्या लेखी अडथळा होते. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या. एकीलाच कागद मिळाला.

डोलकराच्या घरातले घड्याळही निराळे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून आज पहाटे निघालेली होडी आठवड्याने भर दुपारी निघते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास 'उधाण' असते, पाणी जोरात वाहते, जाळी भरतात. अष्टमीच्या सुमारास पाणी सुस्त होते. त्याला 'भांग' म्हणतात. भांगाच्या दिवसांत जाळी वाळवायची, फाटलेले आस विणायचे, होडी डागडुजीला काढायची, लग्नाची बोलणी करायची. पंचांग पाहण्यासाठी वेसावकराला भटजींची वाट पाहावी लागत नसे. तिथी त्याला पाण्यावरून कळे.

होडीवर हुकूम 'तांडेला'चा. होडीचा मालक तो 'नाखवा'. काही वेळा दोन्ही एकच माणूस. बाकीचे खलाशी. कमाई पगाराने वाटली जात नसे, वाट्यांनी वाटली जाई: होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, माणसांचे वाटे. ज्याच्याकडे होडी नाही पण जाळे आहे, तोही भागीदार. फेरी रिकामी गेली तर सगळ्यांचीच रिकामी. या पद्धतीला उगाच रामराज्य समजण्याचे कारण नाही. होडीसाठी काढलेले कर्ज, ते देणारा व्यापारी आणि त्यालाच ठरल्या भावात माल घालण्याची सक्ती हे गळ्यातले जुने लोढणे होतेच. पुढे कोळीवाड्यांत मच्छीमार सहकारी सोसायट्या निघाल्या, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

आणि जाळ्यात येत काय होते? बोंबील, मांदेली, वाकट्या, करंदी, कोळंबी. आणि ढिगांनी जवळा.

जवळा म्हणजे कोळंबीचे पिल्लू, ही समजूत चुकीची आहे. ती वेगळी जात आहे, 'असेटिस'. दोन-तीन सेंटिमीटरांची, जवळजवळ पारदर्शक, किंचित गुलाबी झाक असलेली. तिचे आयुष्य वर्षभराचेही नसते. पण ती अफाट संख्येने, थव्यांनी येते, आणि बोंबलापासून मोठ्या माशांपर्यंत अनेकांचे पोट तिच्यावर चालते. भारतात जवळ्याची सर्वाधिक पकड महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या किनाऱ्यांवर होते, म्हणजे नेमकी जिथे डोल आहे तिथे.

ताजा जवळा फार वेळ टिकत नाही. बर्फाचे कारखाने येण्यापूर्वी तो टिकवण्याचा उपाय एकच होता, ऊन. म्हणून कोळीवाड्याला समुद्राइतकीच गरज होती ती मोकळ्या, सपाट जागेची. जवळा पसरायचा तो 'खळ्या'वर. शेतकरी धान्य मळतो त्या जागेचाच हा शब्द. बोंबील वाळत ते बांबूंच्या 'वलांड्यां'वर, जबड्यात जबडा अडकवून. कोळंबी सोलून वाळवली की तिचे 'सोडे' होत, जे कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू यांच्या स्वयंपाकघरांत आजही मानाने वापरले जातात. जवळ्याला असा मान नव्हता. तो गरिबाचा. मूठभर सुका जवळा, कांदा, मिरची आणि भाकरी एवढ्यावर किती घरांनी पावसाळे काढले असतील, याची नोंद कोणत्याही गॅझेटियरने ठेवलेली नाही.

'आगोट' हा कोकणातला शब्द इथे आठवावा. पाऊस लागण्यापूर्वी घरात भरून ठेवायची बेगमी म्हणजे आगोट. तांदूळ, लाकूडफाटा, मसाला, आणि सुकी मासळी. वैशाख-ज्येष्ठात किनाऱ्यावरचा सुका माल घाटापलीकडच्या आठवडी बाजारांपर्यंत जाई. काही त्याहून दूर जाई. दुसऱ्या महायुद्धापूर्वी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुक्या कोळंबीला ब्रह्मदेशात गिऱ्हाईक होते. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि ती पेठ एकाएकी बंद झाली.

हा सारा व्यापार बायकांच्या हाती होता. माल बंदराला लागला की त्यापुढचा हिशेब पुरुषाकडे नसे. निवडणे, सोलणे, वाळवणे, लिलावात बोली लावणे, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, उधारी लक्षात ठेवणे, हे सर्व तिचे. जवळा आणि कोळंबी ती तराजूने विकत नसे. लहान लहान ढीग मांडी, त्याला 'वाटा' म्हणतात. होडीवर कमाईचा वाटा आणि ओट्यावर मालाचा वाटा, शब्द एकच. वाट्याचा भाव गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ठरतो, असे गिऱ्हाइकांचे म्हणणे. त्यात तथ्य नसेलच असे नाही.

वेसाव्यापासून बाजारांपर्यंतचे अंतर इतिहासाने हळूहळू कमी केले. १८४५ मध्ये लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून माहीमचा कॉजवे झाला आणि साष्टीतून मुंबई बेटावर पायी किंवा गाडीने जाता येऊ लागले. १८६० च्या दशकात बीबीसीआय रेल्वे आली. १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. लोकलच्या मालडब्यात पाटी घेऊन बसलेली कोळीण हे उपनगरांचे इतके जुने दृश्य आहे, की आज ज्यांना त्या डब्यातल्या वासाची तक्रार आहे त्यांच्या इमारती उभ्या राहण्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथे बसलेली आहे.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. नारळी पुनवेला दर्याला सोन्याचा वर्ख लावलेला नारळ वाहायचा आणि मग होड्या पाण्यात लोटायच्या. मढ, मनोरी, गोराई इकडच्या ख्रिस्ती कोळ्यांत पाद्री होड्यांना आशीर्वाद देतात. प्रार्थना वेगळी, ऋतू एकच. हे दोन महिने मासळीच्या विणीचे. आज सरकार १ जून ते ३१ जुलै अशी बंदी घालते. बंदीचा कायदा नवा, न जाण्याचा रिवाज फार जुना.

मग विसाव्या शतकाच्या मध्यावर तीन गोष्टी थोड्याफार अंतराने आल्या. ताग-सुताच्या जाळ्यांऐवजी नायलॉन आले. ते कुजत नाही, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावे लागत नाही. शिडाऐवजी इंजिन आले, सरकारी कर्जे आणि अनुदाने यांच्या आधाराने. आणि कोळंबीला परदेशी भाव आला.

तिसरी गोष्ट सर्वांत दूरगामी ठरली. १९५३ मध्ये भारतातून गोठवलेल्या कोळंबीची पहिली निर्यात कोचीनहून अमेरिकेला झाली. त्याच वर्षी केरळात भारत-नॉर्वे मत्स्य प्रकल्प सुरू झाला. त्याचा मूळ हेतू किनाऱ्यावरच्या गरीब कोळ्यांचे जीवनमान उंचावण्याचा होता; हाती लागली ती तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्याने मिळणारी कोळंबी. काही वर्षांत साऱ्या किनाऱ्यावर ट्रॉलर बांधले जाऊ लागले. १९७२ मध्ये सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण स्थापन झाले. १८७५ चा ससून डॉक आता कोळंबी सोलण्याच्या कामाने गजबजला. जी कोळंबी वाळवून घाटावर जात होती, ती गोठवून डॉलरांत मोजली जाऊ लागली.

ट्रॉलर एका जागी थांबत नाही. तो तळावरून जाळे ओढत फिरतो. त्याला कोणाच्या पाण्याची हद्द दिसत नाही, कारण ती हद्द कुठेच लिहिलेली नव्हती. रात्रीतून डोलीचे दोर तुटणे, जाळी फाटून वाहून जाणे, उजाडल्यावर होडी जागेवर गेली की तिथे काहीच न सापडणे, ही डोलकरांची नित्याची तक्रार झाली. एका डोलीत घरातल्या कित्येक महिन्यांची मेहनत असते. भरपाई मागायची तर जागा आपली असल्याचा पुरावा लागतो. आणि पुरावा म्हणून दाखवायला होती ती एक टेकडी, एक माड आणि आजोबांची आठवण.

यातली खरी अडचण अशी, की ट्रॉलरवाले बाहेरचेच होते असे नाही. कोळीवाड्यातल्या ज्यांना कर्ज मिळाले, ज्यांची ऐपत होती, त्यांनीही ट्रॉलर घेतले. एकाच गावातल्या भावकीत डोलवाला आणि ट्रॉलरवाला अशी फाळणी झाली. पंचांचा निवाडा जुन्या पद्धतीच्या भांडणासाठी होता, जिथे दोन्ही बाजूंना जागेची किंमत सारखीच असे. ज्याला जागाच नको त्याच्याशी काय तडजोड करायची?

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ मध्ये आला. पारंपरिक मच्छीमारांचे हित, माशांचे संवर्धन आणि समुद्रातली शांतता या कारणांसाठी कोणत्या क्षेत्रात कोणते जाळे चालेल, हे ठरवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. कागदावर हे डोलकराच्या बाजूचे होते. पण कायद्याने क्षेत्रे ओळखली ती सरकारी आदेशांतून. कोणत्या घराचे पाणी कुठे, ही जुनी वाटणी त्यात बसली नाही. आणि रात्रीच्या समुद्रावर पहारा ठेवायला नौका हव्यात, माणसे हवीत.

न्याय्य बाजू मांडायची तर डोलीवरचा आक्षेपही सांगितला पाहिजे. वेसाव्याला कोळीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ ची. मत्स्यशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की, खोल्याच्या बारीक आसांत जवळ्याबरोबर इतर माशांची पिल्लेही सापडतात. हे खरे आहे. आस मोठा केला तर पिल्ले सुटतील, पण जवळाही सुटेल. ज्याचे सारे घर जवळ्यावर चालते त्याला आस मोठा कर असे सांगणे म्हणजे धंदा सोड असे सांगणे. खुंटांच्या काळात जाळ्यांची संख्या जागांच्या संख्येने आपोआप बांधलेली होती. पुढे खुंटांऐवजी नांगर आणि तरंगते पिंप वापरून कुठेही, अधिक खोल पाण्यात डोल लावता येऊ लागली, इंजिनामुळे जाळ्यांची संख्याही वाढली, आणि तो जुना लगाम सैल झाला. म्हणजे डोलीचा दोष डोलीच्या रचनेत किती आणि ती कुठे व किती लावावी हे ठरवणारी व्यवस्था मोडण्यात किती, हे वेगळे काढून पाहावे लागते. दुसऱ्याचे वजन अधिक दिसते.

इकडे जमिनीवरही तेच घडत होते. १९५० मध्ये अंधेरीसह जवळची उपनगरे मुंबई महापालिकेत आली, १९५७ मध्ये हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. वेसाव्याभोवती बंगले, मग सोसायट्या, मग टॉवर उभे राहिले. मालाडच्या खाडीत उपनगरांचे सांडपाणी आले, गाळ वाढला, मुखाशी होड्या रुतू लागल्या. आणि खळी? नगररचनेच्या डोळ्यांना खळे म्हणजे रिकामा भूखंड. जाळी वाळवायची जागा, होड्या ओढायची जागा, जवळा पसरायची जागा, या साऱ्या वर्षातून काही महिने मोकळ्या दिसतात, आणि मोकळी दिसणारी जमीन मुंबईत फार काळ मोकळी राहत नाही.

१९९१ च्या सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने बांधकामांवर मर्यादा आणल्या. त्यात कोळ्यांच्या घरदुरुस्त्याही अडकल्या. २०११ च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईसाठी खास तरतूद झाली: १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा राज्य सरकारच्या संबंधित नोंदींत असलेले कोळीवाडे नकाशावर आखून घ्यावेत. कित्येक पिढ्या नकाशाबाहेर जगलेल्या समाजाला प्रथमच 'तुमची हद्द दाखवा' असे विचारले गेले. सीमांकनावर मग वाद झाले. घरे मोजायची की घरांबरोबर खळी, वलांड्या आणि बंदरही मोजायचे? कोळी संघटनांचा आग्रह दुसऱ्याचा होता, कारण पहिल्याने गाव उरते, धंदा उरत नाही.

सध्या वेसाव्याच्या दक्षिणेला वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचे खांब समुद्रात उभे राहत आहेत. त्यांच्या जागा मीटरच्या दशांशापर्यंत नोंदलेल्या आहेत. त्याच पाण्यात ज्यांच्या आजोबांचे खुंट होते, ते भरपाईच्या बैठकांत जुन्या जागा तोंडी सांगतात: अमुक खडकाच्या बाहेर, तमुक टेकडीच्या रेषेत. त्यातली टेकडी आता पुष्कळदा टॉवरमागे गेलेली असते.

होड्यांवर आज इतर राज्यांतून आलेले खलाशीही दिसतात. वेसाव्याची अनेक मुले नोकऱ्यांत आहेत. तरी उधाणाच्या दिवसांत बंदरावर जवळ्याच्या टोपल्या उतरतात. उरलेल्या खळ्यांवर जुनी जाळी अंथरून तो पसरला जातो, आणि कावळ्यांना हाकलायला हातात काठी घेऊन एखादी म्हातारी तिथे सावलीला बसते. दुपारपर्यंत त्याचा रंग गुलाबीवरून तांबूस होतो. आगोटीपूर्वी अंधेरीच्या बाजारात त्याचे वाटे लागतात.